उन्हावर खापर कशाला?

“अरे बाप्पा, नवतपात इथं माणूस टिकत नाही, बर्फ काय टिकन?”

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीतले एक निवृत्त गुरुजी असं म्हणाले आणि चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय निघाला होता माझ्या पुतणीवरून. ती पहाटे साडेपाचला चाकांचे स्केट बांधून सिमेंटच्या रस्त्यावर उतरते, हातात हॉकीची काठी घेते आणि मोठेपणी आपण बर्फावरची हॉकी खेळणार असं सगळ्यांना सांगते. नागपूरला एखादी आइस रिंक झाली, पुढेमागे व्यावसायिक संघ उभा राहिला, तर अशा पोरींना वाट मिळेल, एवढंच मी बोललो होतो. त्यावर गुरुजींनी मेअखेरचा नवतपा काढला. दुसऱ्या एकाने पुरवणी जोडली की गरम मुलखात असले खेळ रुजत नाहीत, अमेरिकेत ॲरिझोनाने करून पाहिलं, शेवटी संघ गाव सोडून गेला. त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आलं नाही. सालं आणि आकडे जिभेवर नव्हते. आता ते गोळा केले आहेत. गुरुजींनी मला मराठी शिकवलं, त्यांचा आदर आहे तसाच आहे; पण या बाबतीत ते चुकत आहेत, आणि त्यांची चूक आपल्या भागाला महागात पडणारी आहे, म्हणून लिहितो.

आधी बर्फाचंच बघू. मे महिन्यात आर्वीच्या बाजारात बर्फाची लादी मिळते की नाही? लग्नात सरबताला, रसवंतीला, गोळ्याच्या गाडीला ती कुठून येते? बर्फाच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या यंत्रणेने ते पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात. खारं असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवले की लादी तयार होते. आइस रिंक म्हणजे हीच विद्या आडवी पसरलेली. काँक्रीटच्या फरशीत नळ्यांचं जाळं पुरतात, त्यातून तेच खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरवतात आणि वरून थराथराने पाणी सोडून इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ धरू देतात. यंत्राने बर्फ धरलेली पहिली रिंक जॉन गॅमगी यांनी १८७६ साली लंडनच्या चेल्सी भागात उघडली. पुलगावहून आर्वीला नॅरोगेज रेल्वे आली ती १९१७ साली. म्हणजे आपल्या गावात गाडीची शिट्टी वाजायच्या चाळीस वर्षं आधीच खेळाच्या बर्फाचं आणि बाहेरच्या हवामानाचं नातं तुटलं होतं.

बंद इमारतीतल्या बर्फाला उन्हाइतकाच, कित्येकदा उन्हापेक्षा जास्त, त्रास दमट हवेचा होतो. हवेत बाष्प असलं की रिंकवर धुकं धरतं, छताला पाण्याचे थेंब लटकतात आणि खाली पडून बर्फावर उंचवटे करतात. यंत्रणेची निम्मी लढाई हवा कोरडी करण्याची असते. आता सांगा, एप्रिल-मेमध्ये नागपूर-वर्ध्याची हवा कशी असते? इतकी कोरडी की वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या ताट्या लावलेला कूलर घर गार करतो. तोच कूलर मुंबईला नेऊन लावा, घाम येईल. पाणी उडवून उष्णता बाहेर टाकण्याचं काम कोरड्या हवेत सोपं जातं, आणि रिंकच्या मोठ्या यंत्रणाही बहुधा त्याच तत्त्वावर उष्णता बाहेर टाकतात. ज्या रखरखीला आपण शाप समजतो ती निदान या एका कामात मुंबईच्या दमट हवेपेक्षा सोयीची आहे. पावसाळ्याचे महिने मात्र कठीण जातील, ते मान्य.

शिवाय नवतपात सामने ठेवायला सांगितलं कुणी? अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगचा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि साखळी सामने एप्रिलमध्ये संपतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा मोसम धरला तर त्या दिवसांत विदर्भात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, शेतात शेकोट्या पेटतात. एप्रिल-मे-जूनमध्ये बर्फ वितळवून टाकायचा आणि रिंक बंद ठेवायची. हंगामापुरताच बर्फ धरणाऱ्या रिंक जगात भरपूर आहेत. मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे चाकांवर सराव करावा, माझी पुतणी आज करते तसा.

आता ॲरिझोना. या उदाहरणावर माझ्या प्रतिपक्षाची सगळी भिस्त आहे, म्हणून ते मुळापासून तपासलं पाहिजे. ॲरिझोनातल्या फिनिक्सला नॅशनल हॉकी लीगचा संघ आला १९९६ साली. तो आला कुठून? कॅनडातल्या विनिपेगहून. हिवाळ्यात उणे तीसपर्यंत गारठणारं ते शहर, तळी-नद्या गोठलेल्या, पोरं चालायला लागली की स्केट बांधणारी. थंडीने संघ टिकत असता तर विनिपेगचा संघ वाळवंटात गेलाच नसता. आणि विनिपेग एकटं नव्हतं. मिनेसोटा म्हणजे अमेरिकेतल्या या खेळाचं माहेर. तिथला संघ १९९३ साली उठून टेक्सासमधल्या डॅलसला गेला आणि १९९९मध्ये त्याने लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले चषक जिंकला. हार्टफर्डचा संघ १९९७ साली दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनाला गेला, २००६मध्ये चषक त्याच्याकडे आला. थंड गावांनी गमावलेले संघ गरम गावांत जाऊन विजेते झाले, हा इतिहास टपरीवर कुणी सांगत नाही.

फिनिक्समध्ये पुढे काय झालं तेही बघू. सुरुवातीला संघ शहराच्या मध्यभागी खेळे. २००३ साली तो पश्चिमेकडच्या ग्लेनडेलमध्ये नव्या स्टेडियमला गेला. तिकिटं घेणारे बहुसंख्य प्रेक्षक राहत होते पूर्वेकडे, स्कॉट्सडेल-टेम्पीच्या बाजूला. कामाच्या दिवशी संध्याकाळी एवढं मोठं शहर आडवं ओलांडून सामना बघायला कोण जाईल? २००९मध्ये मालकाने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढची चार वर्षं लीगनेच संघ चालवला. २०१५मध्ये ग्लेनडेलच्या नगर परिषदेने स्टेडियमचा करार मोडण्याचा ठराव केला. २०२२पासून संघ विद्यापीठाच्या पाचएक हजार खुर्च्यांच्या रिंकवर खेळू लागला. मे २०२३मध्ये टेम्पीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमचा प्रस्ताव नाकारला आणि एप्रिल २०२४मध्ये खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. चुकीची जागा, कच्चा मालक, बिनसलेला करार, मतदारांचा नकार. या साखळीत ऊन कुठल्या कडीला आहे ते मला दाखवा. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्सने सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वरचा पारा सोसला. तशा उन्हाळ्यांनीही त्या गावातल्या रिंक बंद पाडल्या नाहीत. आणि ऑस्टन मॅथ्यूज? २०१६च्या खेळाडू-निवडीत सर्वांत आधी निवडला गेलेला हा मुलगा स्कॉट्सडेलमध्ये वाढला, त्याच संघाचे सामने बघत. वाळवंटाने वीस वर्षांत जगातला अव्वल खेळाडू दिला. जमीन नापीक होती असं कुणी म्हणू नये.

बाकीच्या गरम गावांची यादी तर माझ्या प्रतिपक्षाने वाचायलाच हवी. २०२० आणि २०२१ची विजेतेपदं फ्लोरिडातल्या टँपाची. २०२३चं लास वेगासचं, तेही भर वाळवंटात. २०२४ आणि २०२५ची फ्लोरिडा पँथर्सची, ज्यांचं मैदान मायामीच्या जवळ आहे. सहा वर्षांत पाच विजेतेपदं अशा गावांना मिळाली जिथे बर्फ फक्त यंत्रातून निघतो. या खेळाची जन्मभूमी कॅनडा; पण १९९३नंतर २०२५पर्यंत त्या देशातल्या एकाही संघाला हा चषक मिळाला नव्हता.

वेगासची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. १ ऑक्टोबर २०१७च्या रात्री त्या शहरात संगीताच्या जलशावर गोळीबार झाला आणि ५८ माणसं गेल्याचं जाहीर झालं. बड्या लीगमधला शहराचा पहिलावहिला संघ त्याच महिन्यात घरच्या बर्फावर पहिल्यांदा उतरणार होता. १० ऑक्टोबरच्या त्या सामन्याआधी खेळाडूंनी जखमींना वाचवणाऱ्या डॉक्टर-पोलीस-अग्निशमनवाल्यांना आपल्यासोबत बर्फावर उभं केलं. पुढे ५८ हा आकडा कायमचा बाजूला ठेवला. तो कोणत्याही खेळाडूच्या पाठीवर दिसणार नाही. पहिल्याच मोसमात संघ अंतिम फेरीत पोचला. गावाने तो संघ आपला मानला, कारण गाव दुःखात असताना संघ गावाच्या शेजारी उभा होता. त्या नात्याला हवामान विचारलं गेलं नाही.

अटलांटाचंही सांगतो, नाहीतर सोयीची तेवढीच उदाहरणं घेतली असं म्हणाल. तिथे हा खेळ दोनदा बुडाला. पहिला संघ १९८०मध्ये कॅलगरीला गेला, दुसरा २०११मध्ये विनिपेगला. दुसऱ्या संघाचे मालक एकमेकांविरुद्ध कोर्टात भांडत होते आणि बारा वर्षांत संघ फक्त एकदा बाद फेरीत पोचला. असा संघ थंड गावात तरी कुणी सांभाळला असता?

आता आपल्या देशात या. डेहराडूनला महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त आइस रिंक बांधली. हिमालयाच्या पायथ्याचं गाव, नागपूरपेक्षा कितीतरी सौम्य हवा, मसुरी डोक्यावर. स्पर्धा झाल्या आणि नंतर ती रिंक वर्षानुवर्षं बहुतेक काळ कुलपात राहिली. वीज आणि देखभालीचा खर्च होता, आणि तो भरून निघेल एवढा रोजचा वापर नव्हता. २०२५मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. मधल्या काळात किती पोरांची उमेदीची वर्षं गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि मला त्याचा राग येतो. थंड हवेचं गाव मिळूनही रिंक बंद पडू शकते, हे आपण आपल्याच पैशाने शिकलो. तरीही टपरीवर पुन्हा ऊनच आरोपीच्या पिंजऱ्यात.

लडाखकडे बोट दाखवणाऱ्यांना सांगायचंय की तिथल्या गोठलेल्या तळ्यांवरचा मोसम जेमतेम दोन महिन्यांचा. म्हणून लेहलाही आता यंत्राचा बर्फ लागतो. ज्या मुली कारझू तळ्याच्या बर्फावर खेळत वाढल्या त्यांच्याच जोरावर भारताच्या महिला संघाने २०१७ साली बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, आणि २०२५मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं ते अमिरातीतल्या अल ऐनला. बँकॉकची दमट गरमी आणि अल ऐनचं वाळवंट! आपल्या मुलींना सामने खेळायला अशा गावांत जावं लागतं, कारण तिथे रिंक आहेत. २०१७च्या आग्नेय आशियाई स्पर्धांत, क्वालालंपूरला, या खेळाचं सुवर्ण फिलिपिन्सने नेलं. त्या देशात पोरं मॉलमधल्या रिंकवर शिकतात.

गुरुजींचा दुसरा मुद्दा जास्त खोल आहे: खेळ मातीतला असावा लागतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवा. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेली ही संस्था. १९३६मध्ये तिचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं. जर्मनीत काळी माती नव्हती म्हणून मल्लखांब अडला नाही. कबड्डी तर आपल्या मातीतलीच ना? २०१८च्या आशियाई स्पर्धांत पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदकं इराणने नेली. आणि कबड्डी व्यावसायिक झाली तेव्हा काय झालं ते आठवा. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली ती वातानुकूलित सभागृहात, मॅटवर. पैसा, दूरचित्रवाणी आणि प्रेक्षक आले तसा खेळ माती आणि हवामान दोन्ही मागे टाकून आत आला.

आणि इथेच मला सर्वांत जोराचा मुद्दा मांडायचा आहे. प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे दोन संघ: पुण्याचा आणि मुंबईचा. विदर्भाचा एकही नाही. गावोगाव कबड्डीची मंडळं आहेत, माती आहे, हवा मानवते, पोरं आहेत, रात्रीच्या सामन्यांना ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. तरी संघ नाही. मग हवामान अनुकूल असून न मिळालेला संघ कोणत्या कारणाने मिळाला नाही? ते कारण शोधा, कारण आइस हॉकीच्या आड येणारं कारणही तेच आहे. मालक लागतो, सभागृह लागतं, पोरांना वर चढवणारा जिना लागतो. या तिन्हीत आपण कमी पडलो आणि उन्हावर खापर फोडून मोकळे झालो.

जिना बांधला की काय होतं ते क्रिकेटने दाखवलं आहे. विदर्भ पहिल्यांदा रणजीत उतरला १९५७-५८च्या मोसमात. पहिलं विजेतेपद मिळालं २०१७-१८ला. मधली साठ वर्षं हाच सूर्य होता, हीच माणसं होती. बदललं ते एवढंच की अकादमी उभी राहिली, मुलांना लहान वयात उचलून वर्षभर शिकवलं गेलं. २०१८-१९ला पुन्हा विजेतेपद, २०२४-२५ला तिसरं. क्रिकेट जन्माला आलं ते इंग्लंडच्या गार, ओल्या हिरवळीवर. वर्ध्याच्या उन्हात ते टिकणार नाही असं आज कुणी म्हणेल का?

पण त्याच क्रिकेटने एक चूकही दाखवली आहे, ती आपण करू नये. नागपुरात सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान सोडून मोठे सामने २००८पासून वर्धा रोडवर जामठ्याला गेले. शहरापासून इतकं दूर की पाच दिवसांच्या कसोटीला रोज जाणं-येणं साध्या माणसाला झेपत नाही. स्टेडियम भव्य आहे, मी तिथे अभिमानाने बसलो आहे. पण ग्लेनडेलची गोष्ट वाचताना मला सारखं जामठा आठवत होतं. हॉकीचा संघ तिकिटांवर जगतो, हिवाळाभर आठवड्याला सामने असतात. रिंक गावाबाहेरच्या स्वस्त जमिनीवर नेली की तिचं मरण ठरलेलं. ती बस आणि मेट्रोच्या वाटेवर, शाळांच्या जवळ हवी, म्हणजे सकाळी पोरं आणि संध्याकाळी प्रेक्षक येतील.

राहिला पाणी आणि विजेचा आक्षेप. हा मात्र मी हलका मानत नाही. ज्या जिल्ह्यात शेतकरी कृषिपंपाच्या विजेसाठी रात्र जागतो, तिथे बर्फासाठी वीज मागताना जीभ अडखळते. साधा हिशेब सांगतो: ६० बाय ३० मीटरच्या रिंकवर तीन सेंटिमीटर बर्फ धरायला ५४,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे पाच-सहा टँकर, आणि मोसमात ते एकदाच. पृष्ठभाग गुळगुळीत करायला आणि यंत्रणा थंड ठेवायला रोजचं पाणी लागेल, ते सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं. वीज मोठी लागेल. म्हणूनच बर्फ हिवाळ्यात असावा, उन्हाळ्यात यंत्रणा बंद असावी, छतावर सौरपत्रे असावेत आणि संघाचा तोटा सरकारी तिजोरीवर टाकू नये, असं माझं म्हणणं आहे. संघ मालकाने चालवावा. सरकारने करायचं ते पोरांच्या शिकण्याचं. हा भेद पाळला नाही तर मी स्वतः विरोधाला उभा राहीन.

नागपुरात आज व्यावसायिक संघ चालेल का? चालणार नाही. जिथे रिंकच नाही, प्रशिक्षक नाहीत, हा खेळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तिथे उद्या संघ आणला तर परवा तो जाईल. पण वीस लाखांहून मोठं शहर, कोरडी हवा, चार महिन्यांचा खरा हिवाळा आणि देशाच्या मध्यावरचं ठिकाण या गोष्टी असलेलं गाव वीस वर्षांत असा संघ पोसू शकतं, यावर माझा विश्वास आहे. टँपालाही मालक बदलावे लागले, रस्त्यावरच्या हॉकीच्या काठ्या पोरांच्या हाती द्याव्या लागल्या, तेव्हा कुठे ती पोरं मोठी होऊन खुर्च्यांवर आली.

आणि आर्वी? आर्वीला मी रिंक मागत नाही. चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या गावाला ती परवडणार नाही. आर्वी या जिन्याची पहिली पायरी होऊ शकते. आज आमची पोरं रस्त्यावर खेळतात. पक म्हणून जुन्या चपलेच्या रबराची चकती कापून घेतात, गोल म्हणून दोन विटा. सहा वाजले की दुधाच्या गाड्या सुरू होतात आणि खेळ थांबतो. परवा माझी पुतणी खडीवरून घसरली, कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा साडेपाचला दारात उभी. चाकांच्या हॉकीला ४० बाय २० मीटरचा गुळगुळीत सिमेंटचा चौथरा पुरतो, भोवती गुडघ्याएवढा कठडा आणि चार दिवे. एवढी जागा आपल्या गावात कुठे निघू शकते, ते मी फिरून पाहिलं आहे.

त्यासाठी नगर परिषदेला द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. सह्यांमध्ये सर्वांत वरची ओळ मी मोकळी ठेवली आहे. गुरुजी, ती तुमच्यासाठी आहे.